औषध नव्हे, कमरेची गोळी

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या जानेवारीत आपल्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, 'विज्ञान : शाप की वरदान?' हा विषय आपल्या प्राध्यापकांच्या विद्यार्थिदशेतही होता आणि आमच्या मुलांच्या वेळीही बहुधा राहील. मी 'वरदान' या बाजूने बोलले व मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. परीक्षकांना माझा जो मुद्दा आवडला, तो गिळायच्या कॅमेऱ्याचा. बोटांच्या चिमटीत काहीतरी धरल्याचा अभिनय करून मी म्हटले होते, "माणूस चंद्रावर जाऊन आला याचे कौतुक किती दिवस करणार? माणूस आता स्वतःच्या पोटात उतरला आहे आणि रोग अंकुरतो न अंकुरतो तोच त्याला पकडतो आहे!" टाळ्या पडल्या. मागच्या बाकांवरून शिट्टीही आली.

त्या वाक्यातला उत्तरार्ध मी या लेखात परत घेत आहे. कारण त्यानंतर आठ महिन्यांनी तो कॅमेरा माझ्या वडिलांनी गिळला.

आम्ही वडिलांना नाना म्हणतो. नाना कल्याणच्या बाजार समितीत हमाली करतात. मूळ गाव पाटण तालुक्यात. राहतो कोळसेवाडीत, चाळीत. रात्री तीनला उठून, पत्रीपूल ओलांडून ते पश्चिमेला बाजारात जातात, कारण भाजीपाल्याच्या गाड्या उजाडायच्या आत रिकाम्या व्हायच्या असतात. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांचे नाव आमच्या घरी आदराने घेतले जाते आणि त्यांची तसबीरही आहे. पण नाना नोंदणी झालेल्या टोळीत नाहीत. ते सुटे हमाल. जितक्या गोण्या, तितके पैसे. गोणी पन्नास किलोची.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे इंग्रजी अक्षर असलेला कोणताही कागद घरात आला की तो माझ्या हाती येतो. विजेचे बिल, बँकेचे पत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, शेजारच्या काकूंच्या मुलाच्या नोकरीचा अर्ज, सारे मीच वाचते. हे अभिमानाने सांगत नाही. पुढे जे सांगायचे आहे, त्यासाठी सांगणे भाग आहे.

मी सहावीत असल्यापासून नाना मला संध्याकाळी दहा रुपये देऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पाठवीत. "कमरंच्या दोन आण. आन् एक पित्ताची." एवढे म्हटले की दुकानदार काका कात्रीने पट्टी कापून तीन गोळ्या कागदात बांधून देत. काका स्वभावाने चांगले होते. सुट्टे नसले तर उधारी ठेवीत, आणि पित्ताची गोळी सोबत घ्यायला हवी हा सल्लाही त्यांचाच. नाना त्या गोळ्या चहाबरोबर घेत आणि झोपत. आठवड्यातून दोनदा असे ते चारदा झाले, नंतर रोजचेच झाले. मी सहावीतून दहावीत गेले, बारावी झाले, बी.ए.ला आले. इंग्रजीच्या पेपरात मला चांगले गुण असतात. कापलेल्या पट्टीवर लाल रेघ आणि तुटलेली इंग्रजी अक्षरे असत. सात वर्षांत ती जुळवून वाचावी असे मला एकदाही वाटले नाही.

दोन वर्षांपासून नाना थकू लागले. जिना चढताना मधेच थांबत. चेहरा पिवळट दिसे. आई म्हणे, वय झाले. वय होते सत्तेचाळीस. गल्लीतल्या डॉक्टरांनी शक्तीचे टॉनिक दिले. आता कळते की त्या टॉनिकात लोह असते व लोहाने शौचाला काळी होते. म्हणजे पोटात रक्त झिरपत असल्याची जी एक खूण दिसू शकली असती, तीही टॉनिकाखाली झाकली गेली. श्रावणात एका पहाटे नाना गोणी पाठीवर असतानाच बसले, ते उठलेच नाहीत. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ६.४ निघाले. पुरुषाचे ते १३च्या वर असावे लागते.

दोन बाटल्या रक्त चढवले. सरकारी रुग्णालयात तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिले. स्वच्छ. मग खालून दुर्बीण घालून मोठे आतडे पाहिले. तेही स्वच्छ. मूळव्याध नाही, अल्सर नाही, गाठ नाही. रक्त तर कुठेतरी जात होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर आतड्याचे चित्र काढून मधल्या वेटोळ्यांवर पेन आपटले आणि म्हणाले, "हा भाग आम्हांला दिसत नाही. कॅप्सूल करावी लागेल." मी चपापले. ते माझ्या भाषणातले वाक्य होते.

या कॅमेऱ्याची थोडी ओळख करून देते. भाषणाच्या वेळी मलाही ती वरवरचीच होती.

माणसाच्या पोटात डोकावण्याची धडपड जुनी आहे. १८६८ साली आडॉल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी ताठ नळी घालून जिवंत माणसाचे जठर पाहिले, तेव्हा त्यांना तलवार गिळणारा खेळवाला शोधावा लागला होता. दुसऱ्या कोणाला ते जमलेच नसते. पुढे १९५४ साली पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे इंग्लंडमधील प्राध्यापक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाकवून नेता येते हे दाखवले, आणि १९५७ मध्ये बेसिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेत लवचिक दुर्बीण करून दाखवली. तरीही ती वरून जेमतेम लहान आतड्याच्या तोंडापर्यंत आणि खालून त्याच्या शेवटापर्यंत पोहोचते. मधले वीसेक फूट आतडे वेटोळे घालून अंधारात राहते.

गॅव्ह्रिएल इद्दान हे इस्रायलमधील अभियंते. क्षेपणास्त्राला लक्ष्य दिसावे म्हणून जो 'डोळा' बसवतात, त्यावर ते काम करीत. १९८१ साली ते अमेरिकेत बोस्टनला असताना शेजारी पोटविकाराचे एक डॉक्टर राहत. लहान आतडे पाहता येत नाही ही या शेजाऱ्यांची तक्रार ऐकून इद्दान यांच्या मनात आले की, क्षेपणास्त्राचा डोळा लहान करून गिळता आला तर? ते साधायला बरीच वर्षे लागली. लंडनचे डॉक्टर पॉल स्वेन याच खटपटीत होते. दोघांची गाठ पडली, आणि १९९९ साली स्वेन यांनी स्वतःच तो कॅमेरा गिळला. २००० साली 'नेचर' या नियतकालिकात त्याची हकिकत छापून आली आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापराला मान्यता मिळाली. मारण्याच्या विद्येतून तारण्याची विद्या निघाली, असे मी भाषणात म्हटले होते. ते वाक्य मी राहू देते.

त्या पहिल्या कॅमेऱ्याची लांबी २६ मिलिमीटर, जाडी ११ मिलिमीटर आणि वजन चार ग्रॅमच्या आत. मोठ्या कॅप्सूलएवढाच. एका टोकाला पारदर्शक घुमट, आत भिंग व बारीक दिवे, मागे घड्याळात असतात तशा दोन बॅटऱ्या आणि चित्रे बाहेर पाठवणारा छोटा प्रक्षेपक. त्याला चाके नाहीत की मोटर नाही. आतडे जसे घास पुढे ढकलते, तसेच त्यालाही ढकलते. सेकंदाला दोन चित्रे धरली, तर आठ तासांत ५७,६०० होतात. पोटावर बांधलेल्या पट्ट्यातील यंत्रात ती साठतात. डॉक्टर मग चित्रपटासारखी ती पाहतात. आता संशयास्पद चित्रे निवडून देणारी संगणकप्रणालीही आली आहे.

दोष दोन. एक, हा कॅमेरा फक्त पाहतो. तुकडा काढणे, रक्त थांबवणे त्याला जमत नाही. दुसरा, आतडे कुठे अरुंद झाले असेल तर तो तिथे अडकतो आणि काढण्यासाठी पोट उघडण्याचीही पाळी येऊ शकते. शंभरात एखाद-दुसऱ्याच्या बाबतीत असे घडते. आपल्या देशात आतड्याच्या क्षयाने असे अरुंद भाग तयार होतात, म्हणून डॉक्टरांनी आधी सी.टी. स्कॅन करून वाट मोकळी असल्याची खात्री केली.

ठाण्याच्या एका खासगी रुग्णालयाने खर्च सांगितला ३६,००० रुपये. सरकारी योजनेच्या कार्डाची चौकशी केली, पण आमच्या बाबतीत ते जमले नाही. आईने भिशी लवकर उचलली व त्यात तोटा सोसला. बाजारातल्या हमालांनी, ज्यांची स्वतःची हजेरी दिवसाची दिवशी असते, त्यांनी आठ हजार जमवून आणले. उरलेले मामांनी दिले. हा हिशेब मी मुद्दाम छापते आहे. भाषणात 'वरदान' म्हणताना त्याला किंमत असते हे मी सांगितले नव्हते.

पितृपंधरवडा होता. आईचे म्हणणे, या दिवसांत नवे काही सुरू करू नये. नाना म्हणाले, "नवं काय त्यात? गिळायचं हाय, आन् जायचं हाय." आदल्या रात्री फक्त पातळ पदार्थ व पोट साफ होण्याचे औषध. सकाळी आठला त्यांनी घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळली. गिळण्यापूर्वी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. तिच्यातला दिवा लुकलुकत होता. "ही परत द्यायची का वो?" असे त्यांनी सिस्टरांना विचारले, तेव्हा त्यांना हसू आवरेना. ती परत द्यायची नसते. एकदाच वापरायची असते.

दवाखान्यात बसून नानांना अवघडल्यासारखे झाले, म्हणून परवानगी घेऊन आम्ही तलावपाळीवर जाऊन बसलो. पट्टा सदऱ्याखाली. मासुंदा तलावात होड्या बांधून ठेवलेल्या होत्या. समोर गडकरी रंगायतन. नाना ठाण्याला इतक्या वर्षांत असे निवांत कधी बसले नव्हते. दहाला पाणी, बाराला दोन इडल्या. मधूनच ते पोटावर हात ठेवून म्हणत, "आता कुटं आलं असंल?" मी म्हणे, "दिव्याच्या पुढे, डोंबिवली यायची आहे." गाडीच्या हिशेबाने त्यांना बरोबर कळे. चार वाजता पट्टा सोडला. दुसऱ्या दिवशी कोळसेवाडीच्या सार्वजनिक शौचालयात बॅटरी घेऊन गोळी बाहेर पडल्याची खात्री करण्याचे काम त्यांनी स्वतःच केले व त्यावर अधिक बोलायला नकार दिला.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हांला चित्रे दाखवली. लहान आतड्यात ठिकठिकाणी उथळ व्रण होते. गुलाबी अस्तरावर पांढरट खड्डे, कडा लाल. एका ठिकाणी रक्त साकळलेले. क्षयाचे किंवा गाठीचे लक्षण त्यांना दिसले नाही. मग त्यांनी नानांना विचारले, "दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

नाना म्हणाले, "दुकन्याच्या न्हाई. कमरंच्या घेतो."

"कधीपासून?"

"हिला इच्यारा. हीच आणती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मला बोलता येईना.

घरी येऊन मी सगळे जुने केसपेपर काढले. गल्लीतल्या डॉक्टरांपासून सरकारी रुग्णालयापर्यंत प्रत्येकाने एक प्रश्न विचारलेला होता, तो कागदावर लिहिलेलाही होता : कोणते औषध चालू आहे? आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर होते : नाही. नाना खोटे बोलले नव्हते. त्यांच्या लेखी औषध म्हणजे बी.पी.चे, साखरेचे, डॉक्टर लिहून देतात ते. दहा रुपयांत मुलीकडून मागवतात ते औषध कसे असेल? ती गोळी. आणि तीही दुखण्याची नव्हे, कारण दुखणे म्हणजे आजारपण, अंथरूण धरणे. कंबर धरणे हे हमालाचे दुखणे नसते, ते त्याचे काम असते. आपण मराठीच्या तासाला शब्दांच्या अर्थच्छटांवर टिपणे काढतो. औषध, गोळी, दुखणे, कंबर धरणे, या चार शब्दांमधल्या अंतरात माझ्या वडिलांचे रक्त दोन वर्षे झिरपत होते.

डॉक्टर पुढे जे म्हणाले, तेही सांगितले पाहिजे. "हे आधी कळले असते, तर मी प्रथम गोळ्या बंद करून, लोह देऊन काही आठवडे वाट पाहिली असती. कदाचित कॅप्सूल लागलीही नसती." 'कदाचित' या शब्दावर त्यांनी जोर दिला होता, आणि तो मी येथे तसाच ठेवते.

ही हकिकत केवळ आमच्या घरची असती, तर लेख लिहिला नसता. वेदनाशामक गोळ्या जठराला इजा करतात हे पुष्कळांना माहीत असते, म्हणून सोबत पित्ताची गोळी घेण्याची रीत पडली. लहान आतड्यात काय होते, हे मात्र हा कॅमेरा आल्यावरच नीट दिसू लागले. २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० निरोगी माणसांना दोन आठवडे डायक्लोफिनॅक दिले व सोबत जठराच्या रक्षणासाठी ओमेप्रॅझोलही दिले. आधी व नंतर कॅप्सूलने पाहिले. ४०पैकी २७ जणांच्या लहान आतड्यात नवी इजा आढळली. म्हणजे पित्ताची गोळी जठर राखते आणि त्याच्या पुढच्या वीस फुटांना तिचा उपयोग होत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात अशा गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांच्या लहान आतड्यात इजा होती, न घेणाऱ्यांत १० टक्के. यातील बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि इजा भरून येते, हेही खरे. घाबरवण्याचा माझा हेतू नाही. पण रोज, सात वर्षे, उपाशीपोटी आणि पन्नास किलोच्या गोणीखाली, असा प्रयोग कोणी केलेला नाही. तो कल्याणच्या बाजारात आपोआप चालू आहे.

डायक्लोफिनॅक हे नाव आपण दुसऱ्या एका संदर्भात ऐकलेले असेल. हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मरतात, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली आपल्या सरकारने गुरांसाठी ते बनवण्यावर बंदी घातली. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्याही बंद केल्या, कारण त्या गुरांना टोचल्या जात. गिधाडांसाठी हे झाले ते योग्यच झाले. माणसाच्या बाबतीत बंदी मागण्याचे कारण नाही, कारण दुखण्यावर ते खरोखर गुणकारी आहे. शस्त्रक्रियेनंतर, मोडलेल्या हाडावर ते लागतेच. आणि नियमही नव्याने करायला नको. हे औषध अनुसूची 'एच'मध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. कायदा १९४०चा, नियम १९४५चे. पट्टीवर ते छापलेलेही असते. इंग्रजीत. कात्रीच्या अलीकडे किंवा पलीकडे.

विज्ञान शाखेतला माझा एक मित्र म्हणतो, "थांब जरा. ही कॅप्सूल स्वस्त होईल. दरवर्षी प्रत्येकजण एक गिळेल, संगणक वाचेल, रोग सुरुवातीलाच कळेल." होवो बापडे. पण संगणकाने नानांच्या आतड्यातला व्रण ओळखला, तरी व्रणाचे कारण आतड्यात लिहिलेले नसते. ते विचारावे लागते. आणि विचारताना 'औषध' म्हणायचे की 'गोळी', हे ठाऊक असावे लागते. हे काम कला शाखेचे आहे असे मी त्याला म्हटले, तेव्हा तो हसला. मी थट्टेने म्हटले नव्हते.

उलट बाजूचेही एक मत ऐकले. आमच्या ओळखीतले एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, असली महागडी खुळे श्रीमंतांची. गरिबांना स्वच्छ पाणी आणि पोटभर अन्न द्या म्हणजे झाले. हे बोलणे मला लागले. पाणी आणि अन्न तर हवेच. पण वर-खालच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्यावर नानांनी काय करायचे होते? टॉनिक पीत राहायचे? ती चित्रे दिसली म्हणून क्षयाची शंका मागे पडली, आणि डॉक्टरांच्या तोंडून तो प्रश्न निघाला. गरिबाला यंत्राची गरज नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी ते यंत्र स्वतःच्या वडिलांना नाकारून दाखवावे. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेत १२ लाखांवर आणि ठाणे शहरात १८ लाखांवर माणसे होती, आज त्याहून कितीतरी अधिक असतील. एवढ्या वस्तीच्या पट्ट्यात ज्या मजुराला ही तपासणी खरोखर लागते, त्याला ती सार्वजनिक रुग्णालयात, त्याच्या ऐपतीत मिळाली पाहिजे. माझे एवढेच म्हणणे की, ती शेवटची पायरी आहे, आणि भाषणात मी तिला पहिली म्हटले होते.

पहिली पायरी फार स्वस्त आहे. बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन पाहणे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी २५ टक्के रक्तक्षयी निघाले. बायकांचे रक्त कमी असणे आपण इतके गृहीत धरले आहे की त्याचे कारण शोधायचे असते हेच विसरलो आहोत. नानांबरोबर डॉक्टरांनी आईचेही रक्त तपासायला लावले. ९.१ निघाले. ती म्हणाली, "बायकांचं असतंच." माझी मावशी डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रात दिवसाला तीनशे पोळ्या उभ्याने लाटते. तिची गोळी 'गुडघ्याची' आहे. तिच्या केंद्रात सहाजणी आहेत. सहाही जणींच्या पिशवीत ती आहे, आणि एकीची संपली की दुसरी देते.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक दरवर्षी एका खेड्यात शिबिराला जाते. बंधारा बांधतो, पथनाट्य करतो, शेवटच्या रात्री शेकोटी होते. मी स्वतः गेले आहे आणि त्याची थट्टा करणार नाही. पण या वर्षी कार्यक्रमाधिकारी सरांनी एक पहाट बाजारासाठी द्यावी, अशी माझी विनंती आहे. चार वाजता यावे लागेल. एखादे डॉक्टर आणि रक्त तपासणारे तंत्रज्ञ सोबत हवेत, आणि आपण पंचवीस मुले-मुली. आपले काम फक्त विचारण्याचे. 'औषध चालू आहे का?' असे विचारायचे नाही. कमरेची, गुडघ्याची, डोक्याची, अंगदुखीची कसली गोळी घेता? आठवड्यातून किती? कोण आणून देते? पट्टी असली तर दाखवा. शौचाच्या रंगाचा प्रश्न मुलांनी पुरुषांना आणि मुलींनी बायकांना विचारावा. नानांनी तो माझ्यासमोर तीनदा टाळला होता. उत्तरे कागदावर, त्यांच्याच शब्दांत लिहायची. मी प्रश्नांचा एक तक्ता केला आहे. त्यातल्या भाषेवर मराठी विभागाच्या बाईंनी नजर टाकावी.

नानांच्या गोळ्या सप्टेंबरपासून बंद आहेत. जानेवारीत हिमोग्लोबिन ११.२ झाले. व्रण बहुधा भरले असावेत असे डॉक्टर म्हणतात. ते पाहायला पुन्हा ३६,००० घालण्याची गरज नाही असेही म्हणाले. कंबर मात्र आहे तशीच आहे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आणि ओझे उचलू नका असे सांगितले. पहिले ते करतात. दुसऱ्यावर त्यांनी मान डोलावली व आठवड्याने बाजारात गेले. आता निम्म्याच गोण्या घेतात, म्हणून घरात पैसेही निम्मेच येतात. मी चाळीतल्या सात मुलांच्या शिकवण्या घेते.

काही रात्री कंबर फार धरते. तेव्हा ते माझ्याकडे पाहतात, खिशात हात घालतात, आणि तसाच बाहेर काढतात. मी पाणी तापवून रबरी पिशवी भरून देते. "ह्यानं काय व्हनार हाय," असे पुटपुटत ते ती पाठीखाली घेतात. तीनला पुन्हा उठायचे असते.